न धरलेला नारळ

सोमवार, १० मार्च २०२५

सखाराम आज वाचला! माझ्या हातात गरम चहाचा ग्लास होता म्हणून वाचला. नाहीतर नाक्यावरच त्याला आडवा केला असता. म्हणजे, तसं मनात आलेलं. त्रेसष्टाव्या वर्षी कोण कोणाला आडवा करतो!

मी पेपरातला करिश्माचा फोटो दाखवत होतो. दाखवणारच. सून माझी आहे. सलग दुसऱ्या वर्षी महाराष्ट्राची हेवीवेट विजेती — बायकांच्या बॉक्सिंगमधला सगळ्यात वजनदार गट. गळ्यात पदक, आणि तो दंड बघा तिचा! लग्नात लोक कुजबुजलेले, नवरी नवऱ्याला कडेवर घेऊन जाईल. नेऊ दे की! आमच्या दिपेशला तसाही चालायचा कंटाळा.

सखारामने फोटो लांब धरून पाहिला. साताऱ्याकडचा माणूस, आमच्या बाळकुमात तीस वर्षं काढली, पण कुस्तीचं वेड गेलं नाही. म्हणाला, "गणूशेठ, पोरगी गुणाची हाय. पर ठाकुर्लीच्या मेघनाला टाळून झालेली चॅम्पियन हाय ही. येवढं ध्यानात असू द्या."

टाळून! चहा तसाच ठेवला आणि उठलो.

मंगळवार, ११ मार्च

नाक्यावर गेलो नाही. मग वाटलं, नाही गेलो तर म्हणतील, बघा, सासराही टाळतो. उद्या जाणार.

बुधवार, १२ मार्च

गेलो. तयारीनिशी गेलो.

आधी सगळ्यांना समजावून सांगितलं. ही मेघना रेल्वेत नोकरीला. रेल्वेचा संघ वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा. राज्य स्पर्धेत ती उतरतच नाही, तर माझी सून तिला तिथे गाठणार कशी? दोघी समोरासमोर येणार त्या राष्ट्रीय स्पर्धेत. आणि त्या वेळेला करिश्माचा अंगठा मोडलेला!

कोणीतरी फिदीफिदी हसलं. मला माहीतच होतं हसतील. पिशवीतून एक्स-रे काढला आणि उन्हात धरला. "हा बघा अंगठा! ही बघा चीर!" चहावाल्यासकट सगळे माना वर करून बघत बसले. रिक्षावालेही थांबले.

सखारामने चष्मा वर केला, नीट बघितलं, मान हलवली. म्हणाला, "मोडलाय. कबूल. पर गेल्या वर्षी गावदेवीच्या जत्रंत मेघना नारळ घिऊन समोर हुबी ऱ्हायली, तवा अंगठा बरा होता ना? नारळ धराया काय ठोसा मारावा लागतो?"

 एक्स-रे गुंडाळून घरी आलो. तो गुंडाळायचा नसतो म्हणे. आमच्या बायकोने, कमळाबाईने, त्यावरून वेगळं ऐकवलं.

शुक्रवार, १४ मार्च — धुळवड

काल होळी जोरात झाली. रंगात आज सगळे नाचले, मीही. पण गावच्या ग्रुपवर कोणीतरी गेल्या वर्षीच्या जत्रेचा व्हिडिओ पुन्हा टाकलाय. खाली लिहिलंय, "नारळाला घाबरली वाघीण." आणि त्याच्याखाली हसणारी तोंडं, ओळीने.

मी लिहिलं, "हिंमत असेल तर नाव घेऊन बोला." दिपेशने ते माझ्या हातातून फोन घेऊन पुसलं. त्याला सगळ्यांशी गोड राहायचं असतं. आईवर गेला असता तरी बरं होतं.

शनिवार, १५ मार्च

व्हिडिओ आज शांतपणे पाहिला. गेल्या वर्षी हे घडलं तेव्हा मी तिथे नव्हतोच. बरोबर त्याच वेळेला जनरेटर बंद पडलेला आणि मंडळाचा खजिनदार म्हणून मी त्या मेकॅनिकच्या डोक्यावर उभा होतो.

आमच्या जत्रेची चाल जुनी आहे. आजोबांच्या वेळेला मिठागरावरचे गडी अंगावरचं मीठ धुऊन थेट आखाड्यात उतरायचे. आता माती गेली, मिठागरं गेली, त्यावर टॉवर आले — आम्हीही त्यातल्याच एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर — आणि आखाड्याच्या जागी बॉक्सिंगची रिंग आली. पण चाल तीच राहिली. विजेता बसून राहतो. ज्याला त्याच्याशी खेळायचं असेल तो गावदेवीपुढचा नारळ उचलतो, चालत येतो आणि समोर धरतो. विजेत्याने नारळ धरला की जोड लागली. नाही धरला तर नाही लागली. कारण कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही.

व्हिडिओत मेघना येते. उंच बाई, केस बारीक कापलेले, गळा मोकळा. नारळ पुढे करते. करिश्मा खुर्चीतून उठते. हात थोडा वर जातो — मी दहादा थांबवून बघितलं, वर जातोच! — आणि मग खाली येतो. करिश्माच्या पाठीमागचं व्हिडिओत दिसतच नाही. ती मान खाली घालते. मेघना नारळ छातीशी धरते आणि वळते. लोकांचा "आऽऽ" ऐकू येतो.

वर गेलेला हात खाली का आला? ज्या हाताने अख्खा महाराष्ट्र झोपवला तो हात!

सोमवार, १७ मार्च

विचारलं तिला. सकाळी सरावाहून आली, केस ओले, दूध तापवत उभी होती.

"करिश्मा, एक विचारू? जत्रेत तू घाबरलेलीस का गं?"

तिने गॅस बारीक केला. "बाबा, दूध उतू जाईल," म्हणाली. बस्स. दूध कुठलं उतू जातंय, अजून कोमटही झालेलं नव्हतं.

पुन्हा नाही विचारलं. पण मला माझं उत्तर मिळालं. काहीतरी आहे, आणि ते भीती नाही. भित्रा माणूस आधी "नाही" म्हणतो, आणि मोठ्याने म्हणतो.

गुरुवार, २० मार्च

दुपारी करिश्मा गॅलरीत बसून मोबाइलवर मेघनाची जुनी लढत बघत होती. आवाज बंद. एकच तुकडा पुन्हा पुन्हा — मेघनाचा डावा हात फिरतो आणि समोरची पोरगी दोरांवर जाऊन पडते. मी मागे उभा आहे हेही तिला कळलं नाही. वाटाण्याच्या शेंगा मांडीवर तशाच.

ह्याला अभ्यास म्हणतात! उगाच नाही होत कोणी चॅम्पियन.

रविवार, २३ मार्च

आज मी ठाकुर्लीला जाऊन आलो. घरी सांगितलं, मंडळाच्या कामाला जातो. दिपेशला बरोबर घेतला कारण गाडी त्याची. माणकोलीच्या पुलावरून गेलो, बघता बघता डोंबिवली. पूर्वी अर्धा दिवस जायचा.

मेघनाला कसं बोलावं हे गाडीत ठरवत होतो. जरा चढ्या आवाजातच बोलायचं होतं. म्हणजे, तुम्हीच लोकांना सांगत सुटलात का वगैरे. पण रेल्वेच्या मैदानावर ती लहान मुलींना शिकवत होती, घामाने निथळत होती, आणि मला बघताच म्हणाली, "करिश्माचे सासरे ना तुम्ही? बसा काका. पाणी घ्या आधी." संपलं! पाहुणचारापुढे माझा आवाज चढत नाही, खोड आहे.

विचारलं सरळ. "आमची सून तुम्हाला घाबरली असं लोक म्हणतात. तुम्ही समोर होतात. तुम्ही सांगा."

तिने मुलींना मैदानाच्या फेऱ्या मारायला पाठवलं. मग म्हणाली, "घाबरली का ते तिलाच विचारा काका. तिच्या मनातलं मी कसं सांगणार? मी जे बघितलं ते सांगते. तिने हात वर केलेला. मागून एका बाईने तिची बाही ओढली. हिरव्या बांगड्या होत्या हातात."

मी म्हटलं, "कोण बाई?"

ती हसली, पण बरं नाही हसली. "काका, माझे मिस्टर जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. माझ्या हातचा नारळ कोणी सवाष्ण बाई कशाला घेऊ देईल आपल्या सुनेला? मला सवय झालेली. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं तेव्हाच कळलं. रिंगमध्ये तरी असलं काही नसेल असं वाटलेलं, एवढंच."

दिपेश खाली बघत होता. मीही.

"मग तुम्ही कोणाला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझा नारळ नको म्हणाले, असं स्वतःच्या तोंडाने सांगू?" मग म्हणाली, "त्या नारळाच्या वड्या केल्या मी. फुकट कशाला घालवायचा!"

निघताना म्हटलं, या वर्षी या जत्रेला. म्हणाली, "जूनमध्ये चाळीस पूर्ण होतात काका, मग रिंगणात उतरता येत नाही. खेळायचं तर ह्याच वर्षी. पण परत आलेला नारळ मी पुन्हा घेऊन येणार नाही. एकदा झालं तेवढं पुरे."

परत येताना गाडीत दिपेश एकच वाक्य बोलला. "बाबा, हिरव्या बांगड्या अख्ख्या गावाच्या हातात असतात." खरं आहे. पण करिश्माच्या खुर्चीमागे बसायचा मान एकाच बाईचा आहे.

रविवार, २३ मार्च, संध्याकाळ

घरात शिरलो आणि चपला काढायच्या आत विचारलं.

कमळाबाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. थापतच राहिली. म्हणाली, "हां. मीच खेचला. कनाला लपवू? इधवेचे हातचा नारल आपले सुनंनी घेयाचा? आनि ता बी तवा?"

तवा! मला ते लक्षात नव्हतं. गेल्या वर्षी माघात करिश्माचं राहिलेलं गेलं. तिसरा महिना होता. त्यानंतर दोन महिन्यांत जत्रा.

"मी देवीला बोललेले," कमळाबाई म्हणाली, "माजे पोरीची कूस भर, मी काय चुकू देनार नय. आनि ती बाई नारल घेऊन आली. माजा हातच गेला पुढं. मना इचार कराला टाइम नव्हता."

मी खूप ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. वर्षभर अख्खा गाव माझ्या सुनेला भित्री म्हणतोय आणि ही बाई भाकऱ्या थापतेय! बारशाला म्हणतात, लग्नात म्हणतात, ग्रुपवर म्हणतात. एक शब्द नाही हिच्या तोंडातून!

तेवढ्यात करिश्मा दारात. "बाबा, पुरे. आईंना मीच सांगितलेलं, कुठे बोलू नका म्हणून."

"का?"

"लोकांना कळलं असतं तर मेघनाताईंचा नारळ अशुभ म्हणून परत केला, हेच झालं असतं गावभर. त्यांना किती लागलं असतं! मला भित्री म्हणतात ना? म्हणू देत. मी उद्या जिंकले की विसरतील."

मी खाली बसलो. छाती अशी भरून आली की पाणी प्यावं लागलं. पोरगी रिंगमध्ये जेवढं मारते त्याच्या दुप्पट तिने गपचूप खाल्लंय, एका परक्या बाईची लाज राखायला. ही माझ्या घरात आहे! भाग्य लागतं.

सोमवार, २४ मार्च

कमळाबाईशी बोलत नाही. जेवण वाढते ते जेवतो.

बुधवार, २६ मार्च

सखारामला सांगायची इतकी उबळ येते! जिभेवर येतं आणि गिळतो. करिश्माने शब्द घेतलाय. म्हणून नाक्यावर आज तो म्हणाला, "यंदा बी नारळ रिकामाच जाणार वाटतं," तेव्हा मी फक्त म्हटलं, "बघू." त्याला माझा आवाज वेगळा वाटला असावा. बिस्कीट पुढे केलं त्याने.

रविवार, ३० मार्च — पाडवा

गुढी उभारली. कमळाबाईने साखरेची गाठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अबोला किती दिस?" मी म्हटलं, "तुझा हात पुढे गेला ते मला कळतं. वर्षभर गप्प बसलीस ते नाही कळत."

तिने गाठी गुढीला बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती चाल मी नय काढली. माजे सासूनी मना शिकवलं, तिला तिचे सासूनी."

म्हटलं, "करिश्मालाही शिकव मग. सासू तूच आहेस."

वाईट बोललो. पण ती रडली नाही. विचारात पडली. चाळीस वर्षांच्या संसारात ती विचारात पडलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे, एरवी तिचा निर्णय आधी होतो.

शुक्रवार, ४ एप्रिल

एकवीरा आईला जाऊन आलो. सप्तमीची पालखी, गर्दी म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. रांगेत पायऱ्यांवर कमळाबाईच्या पुढे एक म्हातारी. पांढरं कपाळ, हातात ओटीचं ताट. कमळाबाई तिच्याकडे सारखी बघत होती. गाभाऱ्यापाशी पुजाऱ्याने म्हातारीचा नारळ घेतला आणि देवीच्या पायाला लावला. मागचा आमचाही घेतला. दोन्ही एकाच टोपलीत टाकले.

खाली उतरताना कमळाबाईने माझा हात धरला. पायऱ्यांसाठी असेल. पण मग म्हणाली, "आई सगल्यांचा घेते. मी कोन मोठी?"

आज बोललो तिच्याशी. सगळ्या पायऱ्या बोलत उतरलो.

मंगळवार, ८ एप्रिल

दुपारी कमळाबाई नवी साडी नेसून दिपेशबरोबर गाडीने कुठेतरी गेली. "कुठे?" तर म्हणे, "बायकांचं काम." दिवेलागणीला आली. पिशवीत नारळाच्या वड्यांचा डबा! आमच्या घरी ह्या आठवड्यात नारळ फोडलेला नाही.

मी काही विचारलं नाही. एक वडी खाल्ली. वेलची जरा जास्त, पण उत्तम.

शनिवार, १२ एप्रिल

रिंग बांधून झाली. पंच उद्या सकाळी येणार. जनरेटर या वर्षी दोन ठेवलेत, आणि त्यांच्यापाशी दुसरा माणूस उभा करणार. मी जागचा हलणार नाही!

करिश्मा आज जेवली नाही नीट. वजन सांभाळत असेल. म्हटलं, अगं हेवीवेटला कसलं वजन! तर हसली. हात थंड होते तिचे, एवढ्या उकाड्यात.

रविवार, १३ एप्रिल — जत्रा

लिहितो. आजचं आजच लिहितो.

मैदान गच्च. करिश्मा रिंगच्या कडेला खुर्चीत, अंगात निळी जर्सी. तिच्यामागे कमळाबाई, तिच्यामागे मी. माइकवरून पुकारा झाला, चॅम्पियनसमोर कोण? गर्दीत कुजबुज. सखाराम पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेला, जणू निकाल त्यानेच द्यायचा आहे.

आणि मेघना आली. मला वाटलेलं ती येणार नाही. देवीपुढे वाकली, नारळ उचलला आणि चालत आली.  जायंट व्हीलचा कर्रकर्र आवाज तेवढा. मेघनाने नारळ पुढे धरला. करिश्मा उठली.

तेवढ्यात कमळाबाई उठली आणि दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

 पुन्हा? एवढं सगळं होऊन पुन्हा? मागून कोणीतरी शीळ घातली.

कमळाबाईने पदर सोडला आणि दोन्ही हातांनी मेघनासमोर पसरला. म्हणाली, "घाल. माजे ओटीत घाल आधी."

मेघना बघतच राहिली. तिचं तोंड असं झालं की मी दुसरीकडे बघितलं. मग तिने हळूच नारळ पदरात ठेवला. कमळाबाईने तो कपाळाला लावला. आणि वळली, अख्ख्या मैदानाकडे. माइकची गरज तिला कधीच लागत नाही.

"आयका सगल्यांनी! गेल्या साली ह्या बाईचा नारल परत गेला ता माजेमुलं. मी खेचला सुनंचा हात. इधवा म्हनून खेचला. चूक माजी! माजी सून कोनाला भ्यायली नय! परत जो तिला भित्री बोलंल तो मना येऊन बोलंल!"

मग नारळ करिश्मासमोर धरला. "धर."

करिश्माने धरला. दोन्ही हातांनी.

गावात असा आवाज मी आजोबांच्या वेळेच्या कुस्त्यांनाही ऐकलेला नाही. बायका आधी गप्प होत्या, मग एक उठली, मग सगळ्या. गावच्या म्हाताऱ्या पंचांपैकी एकजण पुटपुटला, चाल मोडली. त्याची बायकोच म्हणाली, "मोडू दे." आणि मी? मी रडत होतो. मोठ्याने. सखाराम बघत होता, बघू दे. चाळीस वर्षं मी ह्या बाईला तोंडाळ म्हणत आलो. त्या तोंडाने आज काय केलं!

लढत. पहिली फेरी करिश्माची, माझ्या मते स्वच्छ. दुसऱ्या फेरीत मेघनाचा तो डावा हात आला. मला दिसला, करिश्माला दिसला नाही. ती गुडघ्यावर गेली. पंच मोजायला लागला. मी डोळे मिटले. उघडले तर उभी होती! तिसऱ्या फेरीत मागे सरलीच नाही. पुढेच जात राहिली, खात राहिली, मारत राहिली. शेवटी दोघी एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून उभ्या. घंटा वाजलेलीही कळली नाही त्यांना.

तीन पंच मेघनाच्या बाजूने, दोन करिश्माच्या.

हरली.

मेघनाने स्वतःचा हात वर केला नाही. करिश्माचा केला.

सोमवार, १४ एप्रिल

पेढे जिंकल्यावर वाटायचे म्हणून सांगून ठेवलेले. तसेच आणले आणि नाक्यावर वाटले. "हरल्याचे पेढे?" चहावाला म्हणाला. म्हटलं, "खा गपचूप. गुडघ्यावरून उठल्याचे आहेत."

सखाराम उठून आला. आजवर तो उठून माझ्याकडे आलेला नाही. पेढा घेतला, हातातच ठेवला. म्हणाला, "गणूशेठ, म्या कुणाचं ऐकत न्हाय. पर चुकलो. टाळलं नव्हतं पोरीनं. तिला भित्री म्हणलो ही माझी जीभ झडंल."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. काय मजा आली म्हणून सांगू! घरी येईपर्यंत छाती खाली बसली नाही. ग्रुपवरचा तो व्हिडिओ कोणीतरी काढून टाकलाय, आणि कमळाबाईचा पदर पसरलेला फोटो लावलाय. बाई तीनदा येऊन बघून गेली, चष्मा सापडत नाही म्हणत.

मंगळवार, १५ एप्रिल

संध्याकाळी गॅलरीत करिश्मा शेजारी येऊन बसली. डोळा अजून सुजलेला. म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारलेलं ना एकदा? घाबरलेले मी. तिचा तो डावा हात बघून झोप लागायची नाही मला. मी हात वर केला, पण आईंनी बाही ओढली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी ओढली नसती तरी मी नारळ धरला नसता."

मी विचारलं, "मग परवा का धरलास?"

"परवा बाही ओढायला कोणी नव्हतं." मग म्हणाली, "आईंना सांगू नका. एवढ्या लोकांत पदर पसरला त्यांनी माझ्यासाठी."

नाही सांगणार. एवढी घाबरलेली पोर, आणि गुडघ्यावरून उठून पुढेच गेली! परवा वाटलेला अभिमान काहीच नव्हता.

म्हणजे सखारामचंच खरं होतं. मेलो तरी त्याला सांगणार नाही.